शुक्रवार खोडून टाकणारा हिशेबनीस

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात ३० डिसेंबर २०११ ही तारीख उजाडलीच नाही. गुरुवारी, २९ तारखेला रात्री लोक झोपले आणि उठले ते थेट शनिवारी, ३१ तारखेला. मधला शुक्रवार सरकारने कॅलेंडरमधून काढून टाकला होता. नोकरदारांचं नुकसान मात्र झालं नाही. न उगवलेल्या त्या शुक्रवारचा पगार मालकांनी द्यायचा, असं सरकारनेच ठरवून दिलं होतं.

दिवस गाळायचा आणि त्याचा पगारही वाटायचा, हे सुचायला माणूस हिशेबाचाच हवा. सामोआचे तेव्हाचे पंतप्रधान तुइलाएपा सैलेले मालिएलेंगाओई तसेच होते. कॉमर्समध्ये मास्टर्स पदवी मिळवणारे ते पहिले सामोअन. १९८१ पासून लेपा या एकाच मतदारसंघातून ते संसदेत निवडून येत राहिले. मधली बरीच वर्षं ते अर्थमंत्री होते आणि नंतर नोव्हेंबर १९९८ ते मे २०२१ अशी साडेबावीस वर्षं पंतप्रधान. एवढा काळ एकाच खुर्चीत बसलेले लोकशाहीतले नेते जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग २०२१ मध्ये ही खुर्ची एका जागेच्या फरकाने गेली, आणि त्या वेळचा वाद पाचला पाच म्हणायचं की सहा, इतका बारीक होता.

तिथवर पोहोचण्याआधी त्यांचं नाव उलगडायला हवं, कारण सामोआचं निम्मं राजकारण नावातच आहे.

'तुइलाएपा' हे आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही. तो मताईचा किताब आहे. मताई म्हणजे कुटुंबप्रमुख, सरदार, गावच्या सभेत बसायचा अधिकार असलेला माणूस. आपल्याकडे पाटील, देशमुख ही एके काळची पदं पुढे आडनावं होऊन बसली आणि बापाकडून मुलाकडे आपोआप जाऊ लागली. सामोआत तसं होत नाही. किताब कुटुंबाच्या मालकीचा असतो. सामोअन भाषेत या कुटुंबाला 'आइंगा' म्हणतात, आणि त्यात चुलत, आते, मामे, दत्तक असे शेकडो लोक येतात. हे सगळे बसून, बोलून, कधी वर्षानुवर्षं भांडून ठरवतात की किताब कोणाला द्यायचा. ज्याला दिला तो बिघडला तर काढूनही घेता येतो. एकाच माणसाकडे अनेक किताब असू शकतात. तुइलाएपांच्या पूर्ण नावात लुपेसोलिआई आणि आइओनो हेही आहेत. जन्मनाव सैलेले, मागचं मालिएलेंगाओई. (सामोअन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि त्यातलं 'g' हे अक्षर 'ङ'सारखं उच्चारतात. इंग्रजी स्पेलिंग पाहून मराठी बातमीत 'मालिएलेगाओई' छापलं जातं ते त्यामुळे.)

आता यातली राजकीय मेख. सामोआ १ जानेवारी १९६२ रोजी न्यूझीलंडच्या कारभारातून स्वतंत्र झाला तेव्हा जवळपास सगळ्या जागांसाठी मतदानाचा हक्क फक्त मताईंना होता. १९९० मध्ये सार्वमत झालं, थोडक्या फरकाने प्रस्ताव मंजूर झाला आणि १९९१ पासून २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. उमेदवारी मात्र आजही मताईलाच. शिवाय उमेदवाराने गावाची सेवा केलेली असायला हवी. तिला 'मोनोतांगा' म्हणतात: गावच्या कार्यांना, चर्चला, सभेला हातभार, वर्गणी, अन्नधान्य. ती सलग तीन वर्षं दिली की नाही यावरून निवडणुकीत कोर्टकज्जे होतात आणि उमेदवार बादही होतात.

म्हणजे दोन लाखांच्या या देशात निवडून यायचं तर आधी आपल्या माणसांनी तुम्हाला मोठं मानलेलं असावं लागतं, मग गावाने, आणि मग मतपेटीने. एकदा ही वीण जमली की माणूस दशकानुदशकं टिकतो.

तुइलाएपांचा जन्म १४ एप्रिल १९४५ चा, उपोलू बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लेपा गावचा. शाळा आधी राजधानी आपियाजवळ, मग ऑकलंडमध्ये, आणि पुढे ऑकलंड विद्यापीठ. परत येऊन अर्थखात्यात नोकरी, काही काळ ब्रसेल्सला, पुढे एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीत भागीदारी. राजकारणात ते आले तेव्हा सामोआत राजकीय पक्ष ही वस्तू नवीकोरी होती. १९७९ मध्ये विरोधी खासदारांनी मिळून ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी काढली, तो देशातला पहिला पक्ष. नावात मानवी हक्क असले तरी त्याची ताकद होती गावोगावच्या मताईंची मोट बांधण्यात. १९८२ मध्ये हा पक्ष सत्तेवर आला. १९८४ मध्ये तोफिलाऊ एती अलेसाना यांच्या सरकारात तुइलाएपा अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, त्या सरकारचा अर्थसंकल्प संसदेत पडला आणि तोफिलाऊंना राजीनामा द्यावा लागला. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

१९८८ मध्ये पक्ष परत आला आणि मग ३३ वर्षं हललाच नाही.

पहिली काही वर्षं सुखाची नव्हती. १९९० मध्ये ओफा आणि १९९१ मध्ये वॅल, अशी दोन भयंकर चक्रीवादळं लागोपाठ आली. १९९३ मध्ये तारोवर करपा पडला. तारो म्हणजे आपल्या अळूचंच पीक, फक्त तिथे ते पानांपेक्षा कंदासाठी लावतात. सामोआच्या ताटातलं मुख्य अन्न तेच आणि निर्यातीचं पीकही तेच. ते एका हंगामात झोपलं. सरकारी विमान कंपनी तोट्यात होती ती वेगळीच. अशात १९९४ मध्ये वस्तू व सेवांवर नवा कर आला, भाव वाढले, आणि मानाच्या मताईंच्या नेतृत्वाखाली आपियात मोठे मोर्चे निघाले. अर्थखातं तुइलाएपांकडे होतं. कर टिकला. त्यातूनच पुढे देशाची तिजोरी सावरली, हे त्यांचे टीकाकारही फारसं नाकारत नाहीत.

तोफिलाऊंची प्रकृती ढासळली तेव्हा नोव्हेंबर १९९८ मध्ये पंतप्रधानपद तुइलाएपांकडे आलं. आठ महिन्यांतच, १६ जुलै १९९९ रोजी, पक्षाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सार्वजनिक बांधकाम मंत्री लुआंगालाऊ लेवाउला कामू यांना गोळी घालून मारण्यात आलं. गोळी झाडणारा एका मंत्र्याचा मुलगा निघाला. तो मंत्री आणि त्याचा आणखी एक सहकारी मंत्री, दोघेही खुनाच्या कटात दोषी ठरले. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली. कामू भ्रष्टाचाराच्या मागे लागले होते. शांत, चर्चला जाणाऱ्या या देशाला तो धक्का अजून विसरता आलेला नाही.

यानंतर आली ती वर्षं, ज्यांच्यामुळे जगाला हा माणूस माहीत झाला.

सामोआ १९०० ते १९१४ जर्मनीची वसाहत होती आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं ही त्या काळाची देणगी. तुइलाएपांनी गणित मांडलं. लाखाहून जास्त सामोअन न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात राहतात. तिथे गाड्या डावीकडून चालतात, जुन्या गाड्या स्वस्त मिळतात. आपणही डावीकडे गेलो तर तिकडचा भाऊ इकडच्या भावाला गाडी पाठवू शकेल. मग ७ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी सहा वाजता अख्ख्या देशाने बाजू बदलली. दोन दिवस सुट्टी, तीन दिवस दारूबंदी, वेगमर्यादा कमी. विरोध जोरदार झाला, लोक कोर्टात गेले, बसवाल्यांनी विचारलं की आमचे दरवाजे आता रस्त्याच्या मधोमध उघडणार त्याचं काय. प्रश्न रास्त होता. पण ज्या रक्तपाताची भीती घातली गेली तो झाला नाही, आणि कित्येक दशकांत असं करणारा सामोआ हा जगातला पहिलाच देश ठरला.

बाजू बदलून बावीस दिवस झाले होते. २९ सप्टेंबरला पहाटेच्या सुमारास समुद्रात प्रचंड भूकंप झाला आणि काही मिनिटांत त्सुनामी आली. सर्वांत जास्त फटका बसला उपोलूच्या आग्नेय किनाऱ्याला, म्हणजे लालोमानू आणि लेपा या भागाला. पंतप्रधानांचं स्वतःचं गाव जवळपास पुसलं गेलं. देशात १४० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर वस्त्या किनाऱ्यावरून मागे डोंगराकडे सरकल्या.

मग तो शुक्रवार. त्यामागचा हिशेब सोपा आहे. सामोआ तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेला मोजला जाई, म्हणजे जगात सर्वांत शेवटी दिवस मावळणाऱ्या देशांत. व्यापार मात्र सगळा ऑकलंड आणि सिडनीशी. आपियात शुक्रवार असताना ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी. आपियात लोक रविवारी चर्चमध्ये, तेव्हा सिडनीत सोमवारचं कामकाज सुरू. आठवड्याच्या पाच दिवसांतले चारच दिवस एकमेकांना सापडत. गंमत म्हणजे हीच रेषा १८९२ मध्ये उलट्या दिशेने ओलांडली होती. तेव्हा व्यापार अमेरिकेशी होता, म्हणून ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला गेला. एकशे एकोणीस वर्षांपूर्वी वहीत जादा जमा झालेला दिवस तुइलाएपांनी खर्ची टाकला, एवढंच.

शेजारचा अमेरिकन सामोआ अर्थातच हलला नाही. आपियाहून विमानात बसून अर्ध्या-पाऊण तासात तिथे उतरलं की काल सुरू होतो. शनिवार हा देवाचा दिवस मानणाऱ्या सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाची मात्र खरी पंचाईत झाली. आता सरकार ज्याला शनिवार म्हणतं तो पाळायचा, की सातवा दिवस जुन्या क्रमाने मोजून रविवारी प्रार्थना करायची? चर्चने रविवार धरला, काहींना पटलं नाही, आणि मंडळींमध्ये फूट पडली. कॅलेंडर ही सोयीची गोष्ट आहे, असं सगळ्यांनाच वाटतं असं नाही.

या माणसाचा आत्मविश्वास समजायला एक छोटा प्रसंग पुरे. २००७ चे दक्षिण पॅसिफिक खेळ आपियात झाले. बासष्ट वर्षांचे पंतप्रधान तिरंदाजीत देशाकडून उतरले आणि मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक घेऊन गेले.

आता महत्त्वाचा प्रश्न: एक पक्ष इतकी वर्षं टिकला कसा? मतपेट्या पळवून नव्हे. तो मार्ग कायद्याच्या आतूनच जात होता, म्हणून जास्त समजून घेण्यासारखा आहे.

पहिलं, १९९१ मध्ये संसदेची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. दुसरं, मंत्र्यांच्या जोडीला सहमंत्र्यांसारखी पदं वाढली, म्हणजे सत्ताधारी बाकावरच्या बहुतेकांना काहीतरी मिळायचं. तिसरं, अपक्ष. गावाच्या नावावर निवडून आलेला मताई निकालानंतर कुठल्या बाजूला जाईल? रस्ता, शाळा, पाणी जिकडून येतं तिकडे. चौथं, संसदेत पक्ष म्हणून मान्यता हवी तर किमान आठ सदस्य लागत. विरोधक फुटले आणि सातवर आले की मान्यता गेली. आणि एकदा पक्षात शिरलेला खासदार बाहेर पडला तर जागा गमावण्याची टांगती तलवार. यातला एकेक नियम वेगळा पाहिला तर आक्षेप घेणं कठीण. सगळे एकत्र पाहिले की दार आत उघडणारं आणि बाहेरून कडी असलेलं दिसतं.

याचा कळस २०१६ मध्ये झाला. पक्षाने ४९ पैकी ३५ जागा जिंकल्या आणि निकालानंतर १२ अपक्ष येऊन मिळाले. पन्नास जणांच्या सभागृहात सरकारचे ४७. विरोधी पक्ष असा उरलाच नाही. पन्नास का, ४९ का नाही, हे थोडं पुढे.

विरोधकच नाहीत म्हटल्यावर घाई वाढते. २०१७ मध्ये सामोआ हे ख्रिस्ती राष्ट्र आहे, हे राज्यघटनेच्या मुख्य कलमातच घातलं गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बदनामीसाठी तुरुंगाची तरतूद परत आणली; ती २०१३ मध्ये याच सरकारने काढली होती.

२०१८ च्या जुलैमध्ये सवाई बेटावर दोन तान्ही बाळं लस टोचल्यावर काही मिनिटांत दगावली. लसीत दोष नव्हता; परिचारिकांनी ती विरघळवताना पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं होतं. पण सरकारने लसीकरण कित्येक महिने थांबवलं आणि लोकांचा विश्वास उडाला. गोवराच्या लसीचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. ५,७०० हून जास्त लोकांना लागण झाली, ८३ मेले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरात दोन दिवस देश बंद ठेवून पथकं घरोघर फिरली. ज्या घरात लस राहिली आहे त्याने दारावर लाल कापड लावायचं. मोहीम यशस्वी झाली, उशिरा. माझ्या मते तुइलाएपांच्या कारकिर्दीतलं सर्वांत काळं पान हे आहे, २०२१ चं नाही.

२०२० मध्ये सरकारने तीन विधेयकं आणली. सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन वडिलोपार्जित, कुटुंबांच्या सामायिक ताब्यातली आहे. जमीन आणि किताब यांचे तंटे 'लँड अँड टायटल्स कोर्ट' सोडवतं. या कोर्टाला सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीतून बाहेर काढून त्याची स्वतंत्र उतरंड करायची, असा बेत होता. सरकार म्हणालं, आपल्या रूढींचा न्याय आपल्या पद्धतीने व्हावा. न्यायाधीश आणि वकील म्हणाले, मग त्या कोर्टाकडून मूलभूत हक्क डावलले गेले तर माणसाने जायचं कुठे? उपपंतप्रधान फिआमे नाओमी माताआफा यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला. त्या देशाच्या पहिल्या पंतप्रधानांच्या कन्या, १९८५ पासून खासदार, आणि त्यांचा मतदारसंघ लोतोफांगा हा लेपाच्या शेजारचा. विधेयकं डिसेंबरात मंजूर झाली. फिआमे 'फास्ट' या नव्या पक्षाच्या नेत्या झाल्या. तो पक्ष काढला होता लाआउली श्मिट यांनी. तेही सत्ताधारी पक्षातूनच बाहेर पडलेले.

९ एप्रिल २०२१ ला मतदान झालं. ५१ जागा. सत्ताधारी २५, फास्ट २५, अपक्ष एक. जणू गावचा जमाखर्चच जुळवलाय.

अपक्षाचं नाव तुआला तेवांगा इओसेफो पोनिफासिओ. ते आपला निर्णय जाहीर करणार, त्याच्या आदल्या रात्री निवडणूक आयुक्तांनी एक जादा खासदार नेमली. आता ते मघाचं पन्नासाचं कोडं. २०१३ च्या घटनादुरुस्तीनुसार संसदेत किमान १० टक्के स्त्रिया हव्यात; कमी पडल्या तर हरलेल्यांपैकी जास्त मतं मिळवलेल्या स्त्रीला घेऊन संख्या भरायची. ४९ चे १० टक्के म्हणजे ४.९, म्हणून कायद्यात सरळ 'पाच' लिहिलं होतं. २०१६ मध्ये चारच आल्या, पाचवी नेमली, सभागृह पन्नासाचं झालं. २०२१ मध्ये पाच निवडून आल्या, पण जागा आता ५१. पाच भागिले एक्कावन्न, ९.८ टक्के. म्हणून आयुक्तांनी सहावी नेमली. ती सत्ताधारी पक्षाची होती. दुसऱ्या दिवशी तुआला फास्टकडे गेले आणि २६–२६ झालं.

लगोलग राष्ट्रप्रमुखांनी निकाल बाजूला ठेवून नवी निवडणूक पुकारली. १७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सहाव्या जागेची नेमणूकही. घटनेप्रमाणे मतदानानंतर ४५ दिवसांत संसद बसायलाच हवी, म्हणजे २४ मेपर्यंत. २२ तारखेला राष्ट्रप्रमुखांनी बैठक स्थगित केली. २३ ला, रविवारी, जिथे रविवारी मासेमारीसुद्धा गावं बंद ठेवतात त्या देशात, न्यायालय बसलं आणि स्थगिती उठवली. सोमवारी सरन्यायाधीश झगा घालून सहकाऱ्यांसह संसदेकडे चालत गेले. दाराला कुलूप. सभापतींनी लावायला लावलेलं. संध्याकाळी फास्टच्या खासदारांनी आवारातच तंबू ठोकून शपथ घेतली आणि फिआमे पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तुइलाएपांनी याला बंड म्हटलं आणि कार्यालय सोडलं नाही.

जूनमध्ये अपील न्यायालयाने मधला निवाडा दिला: १० टक्के म्हणजे सहाच, आयुक्तांचं गणित बरोबर, पण सहावी जागा निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर भरायची, आधी नाही. बेरीज बरोबर होती, फक्त चुकीच्या तारखेला केली होती. तारखांशी खेळलेल्या सरकारच्या वाट्याला हे यावं! २३ जुलैला त्याच न्यायालयाने तंबूतली शपथ वैध ठरवली, आणि काही दिवसांत तुइलाएपांनी हार मानली.

विरोधी पक्षनेते म्हणून ते शांत बसले नाहीत. न्यायाधीशांवर केलेल्या टीकेबद्दल २०२२ मध्ये त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला, शिक्षा झाली नाही. मग संसदेने त्यांना निलंबित केलं. ते दाद मागायला गेले त्याच सर्वोच्च न्यायालयात, आणि न्यायालयाने निलंबन रद्द केलं. संसदेने पुन्हा निलंबित केलं, या खेपेस दोन वर्षांसाठी.

२०२५ च्या सुरुवातीला फास्टमध्येच फिआमे आणि लाआउली यांचं फाटलं. तुइलाएपांनी दोनदा अविश्वास ठराव आणला, दोन्ही पडले. मग २७ मे रोजी फिआमेंनी अर्थसंकल्प मांडला. लाआउलींचा गट आणि तुइलाएपांचे विरोधी बाक यांनी मिळून तो पाडला, आणि फिआमेंनी संसद विसर्जित करण्याचा सल्ला दिला. डिसेंबर १९८५ मध्ये तोफिलाऊंचं सरकार ज्या मतदानाने गेलं, ते अर्थमंत्री म्हणून आतून पाहिलेला माणूस चाळीस वर्षांनी समोरच्या बाकावर बसून विरोधात मत देत होता. २९ ऑगस्टला निवडणूक झाली. लाआउलींचा फास्ट जिंकला.